घोषवाक्य, आरती आणि राज्यत्व

कोणत्याही राजसत्तेने मान्य न केलेली, परंतु स्वतःस राष्ट्र म्हणविणारी चिमुकली राज्ये आधी ध्वज, घोषवाक्य व राष्ट्रगीत सिद्ध करतात. प्रजा मागाहून शोधावी लागते. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील युद्धकालीन सागरी मनोऱ्यावर 1967 साली रॉय बेट्स यांनी घोषित केलेले सीलँड हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. 'सागरातून स्वातंत्र्य' अशा अर्थाचे लॅटिन घोषवाक्य त्यास आहे. त्याच नावाचे राष्ट्रगीतही आहे, पण त्या गीतास शब्द नाहीत. गाणारेच नसल्यावर शब्द हवेत कशाला!

सातपुड्याच्या पायथ्याशी हा क्रम उलटा दिसतो. आज नंदुरबार जिल्ह्यात असलेला तळोदे तालुका पूर्वी पश्चिम खानदेशात मोडत असे. तेथील मोरवडच्या गुलाम महाराजांनी 1937-38 च्या सुमारास आदिवासींस दारू सोडण्याचा व स्वच्छतेचा उपदेश केला, सामुदायिक आरती सुरू केली आणि परस्परांस भेटताना 'आप की जय' म्हणावयास शिकविले. या घोषाची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. त्यात राजाचे नाव नाही, देवतेचेही नाही. 'आप' म्हणजे समोरचा माणूस असा सरळ अर्थ घेतला, तर सावकारापुढे वाकण्याची सवय लागलेला भिल्ल येथे दुसऱ्या भिल्लाचा जय इच्छितो. आरती सर्वांनी मिळून म्हणावयाची. राष्ट्रगीताकडून याहून अधिक ते काय अपेक्षावे?

या पंथाने भूमीवर हक्क सांगितला नाही, की मुद्रा पाडली नाही. तरीही आरतीस लोटणाऱ्या समुदायाने शासन अस्वस्थ झाले. दारूचा खप घटणे म्हणजे अबकारी उत्पन्न घटणे, हेही त्यामागे होतेच. 1938 मध्ये गुलाम महाराज निवर्तले व बंधू रामदास महाराजांनी कार्य पुढे नेले. 2 मार्च 1943 रोजी रावलापाणी येथे त्यांच्या अनुयायांवर गोळीबार होऊन अनेक आदिवासी मारले गेले.

शेजारच्या गुजरातेत, व्यारा तालुक्यातील कटासवाण येथे, कुंवर केसरीसिंह यांच्या सतीपती पंथाने मात्र राज्यत्वाचा दावा उघडपणे केला. 'ए. सी. भारत सरकार' असे नाव घेऊन आदिवासीच देशाचे मूळ मालक असल्याचे त्याचे अनुयायी सांगतात व सरकारी ओळखपत्रे नाकारतात. त्यांचा घोष 'स्वकर्ता पितु की जय' हा आहे. येथे जय मूळ पित्याचा, म्हणजे वारशाचा आहे. तळोद्याच्या घोषात तो शेजाऱ्याचा होता. राज्याचा दावा न करणाऱ्या त्या दुसऱ्या घोषावरच बंदुका रोखल्या गेल्या, याचे कारण माझ्या मते एवढेच की, लोक कोणाचा शब्द मानू लागले आहेत हे शासनास जाहीरनाम्यापेक्षा आरतीच्या गर्दीत अधिक स्पष्ट दिसले.