पाणी पुढं कुठं जातं?

‘धरणाचे उपयोग लिहा.’ चौथीत मी ‘सिंचन, वीज’ लिहिलं आणि गुण मिळवले. शेजारच्या भोयाच्या पोराला भोपळा. पाणी कधी चढतं, मासा कुठं लागतो, हे त्याला तोंडपाठ होतं. कागदावर तेवढं उतरलं नाही. आमच्या येलदरीचं पाणी वीज करून पूर्णेतून सिद्धेश्वरला जातं आणि तिथून कालव्यानं शेतात, हे मला मात्र ठाऊक नव्हतं.

महाराष्ट्रात 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. सत्राअखेरचं ते संकलित. आकारिक म्हणजे निरीक्षण, तोंडी काम, प्रकल्प यांतून, मूल शिकत असतानाच त्याला समजून घेणं. पण वहीत सगळ्यांपुढं ‘प्रगती चांगली’ एवढंच लिहिलं, तर बदललं काय?

परिसर अभ्यास आधी परिसरात व्हावा. मुलांना धरणावर न्या. पाणी कुणाला मिळालं, जमीन कुणाची बुडाली, हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारून यायला सांगा. कुणी काय सांगितलं, त्यावर मुलानं कोणता प्रश्न केला, ते नोंदवा. लिहिता न येणाऱ्याचं तोंडी ऐका. माझ्या त्या सोबत्याला कुणी विचारलं असतं, तर आम्हा सगळ्यांना धरण कळलं असतं.