व्रणोपचारातील वेदना व तिच्या शमनाचे औषधेतर उपाय

जखमेची वेदना आणि जखमेची पट्टी बदलतानाची वेदना या दोन निरनिराळ्या गोष्टी होत. पहिली इजेबरोबर येते व बहुधा हळूहळू ओसरते. दुसरी ठरलेल्या वेळी, रुग्णाला अगोदर ठाऊक असताना आणि दुसऱ्या माणसाच्या हातून घडते. शिवाय प्रत्येक खेपेस ती नव्याने घडते. भाजलेल्या रुग्णाच्या बाबतीत हा भेद विशेष ठळक दिसतो. त्वचा अर्धवट जाडीपर्यंत भाजली असता तिच्यातील मज्जातंतूंची टोके उघडी पडतात. उलट दाह अगदी खोल गेल्यास ती टोकेच जळून जातात. म्हणून उथळ दाह हा खोल दाहापेक्षा पुष्कळदा अधिक दुखरा असतो. अशा उघड्या टोकांवर वाळून घट्ट बसलेले गॉज ओढून काढणे म्हणजे काय, हे ज्याने एकदा पाहिले आहे त्यास अधिक सांगावयास नको.

ठाणे, कल्याण व डोंबिवली या पट्ट्यात हा प्रश्न केवळ ग्रंथगत नाही. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी मोठे स्फोट झाले. त्यांत भाजलेल्यांखेरीज फुटलेल्या काचांनी जखमी झालेलेही अनेक होते. भाजलेल्या रुग्णांसाठी खास असे नॅशनल बर्न्स सेंटर ऐरोलीस, म्हणजे ठाणे जिल्ह्यातच आहे. परंतु कोणत्याही मोठ्या रुग्णालयातून घरी आलेल्या रुग्णाच्या पुढील पट्ट्या, मधुमेह्याच्या पायाचे क्षत, दुचाकीवरून पडलेल्याचा सोललेला गुडघा, हे सर्व कल्याणचे रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचे शास्त्रीनगर यांसारखी महापालिकेची रुग्णालये आणि वस्तीतील दवाखाने यांच्याकडेच यावयाचे. प्रत्येक पट्टीला भूलतज्ज्ञ बोलावणे अशा ठिकाणी कोठेही शक्य नसते. आणि पट्टीच्या धास्तीने खेप चुकविणारा रुग्ण बहुधा जखम चिघळल्यावरच परत येतो. तेव्हा औषधावाचून वेदना किती कमी करता येईल, या प्रश्नावर व्रण भरून येण्याचे भवितव्यही काही अंशी अवलंबून असते.

प्रथम वेदनेचे स्थूल कारण पाहू. जखमेतून पाझरणारा द्रव गॉजच्या जाळीत शिरतो व वाळतो. नव्याने उगवणारी त्वचेची कोवळी पेशीपंक्ती त्या जाळीत अडकते. पट्टी काढताना गॉजबरोबर तीही उखडली जाते. रक्त येते, कळ उठते आणि भरत आलेली जखम मागे पडते. म्हणजे दुखणे आणि नुकसान या ठिकाणी एकाच क्रियेचे परिणाम असतात. जखम कोरडी ठेवावी हा समज पुष्कळ काळ चालत आला. जॉर्ज विंटर यांनी १९६२ मध्ये डुकरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले की, पातळ पटलाखाली ओलसर राखलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्या जखमेच्या सुमारे दुप्पट वेगाने पसरते. त्यानंतर न चिकटणाऱ्या व ओलावा राखणाऱ्या आवरणांचा मोठा व्यापार उभा राहिला. मात्र त्यांची किंमत सामान्य रुग्णाच्या आवाक्याबाहेरची होती.

या अडचणीतून निघालेला मार्ग मुंबईतला आहे, आणि तो आपल्या अभ्यासकांत असावा तितका परिचित नाही. परळच्या बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयातील डॉ. मनोहर केसवानी यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९८५ मध्ये ‘बर्न्स’ या नियतकालिकात उकडलेल्या बटाट्याच्या सालीच्या पट्टीविषयी प्राथमिक वृत्तांत प्रसिद्ध केला. साली गॉजच्या पट्टीवर एकाशेजारी एक बसवावयाच्या, पट्टी गुंडाळून निर्जंतुक करावयाची आणि मग ती जखमेवर ठेवावयाची, अशी ही कृती. सालीच्या अंगी जंतुनाशक गुण नाही. तिचे काम एवढेच की जखम सुकू द्यावयाची नाही आणि तिला चिकटावयाचे नाही. सालीतील बुचासारखा थर हे काम करतो. पुढे शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील डॉ. माधुरी गोरे व त्यांचे सहकारी यांनी केळीच्या पानाची पट्टी तपासली. त्यांचे निबंध २००३ मध्ये त्याच नियतकालिकात आले. त्वचारोपणासाठी जेथून कातडी काढली जाते त्या भागावर व्हॅसलिन लावलेले गॉज आणि केळीचे पान यांची तुलना केली असता, पट्टी काढतानाची वेदना पानाखाली पुष्कळच कमी आढळली. अर्धवट जाडीच्या दाहांवर पान व बटाट्याची साल सारखीच उपयोगी ठरली. परंतु पान तयार करावयास सोपे आणि कितीतरी पट स्वस्त. ज्या वसईच्या केळीबागांची ख्याती जुन्या ठाणे जिल्ह्यात सर्वश्रुत होती, त्या मुलखात पानाचा गुळगुळीतपणा कोणास नवा नव्हे; त्यावर वाढलेला भातही चिकटत नाही. तथापि, परसातील पान तोडून जखमेवर बांधणे हा त्या संशोधनाचा अर्थ नव्हे. निर्जंतुक न केलेले पान जंतुसंसर्गास आमंत्रण देते.

सुश्रुताने व्रणाचे जे साठ उपक्रम सांगितले त्यांत ‘पत्रदान’, म्हणजे व्रणावर पाने ठेवणे, हा एक आहे. यावरून आधुनिक शोध प्राचीनांना ठाऊकच होता असे म्हणणे उतावीळपणाचे होईल. पान कोणते, कशासाठी व कोणत्या व्रणावर हा तेथील विचार दोषांच्या सिद्धांतावर उभा आहे. परंतु आच्छादनाची निवड हा वैद्याचा विषय आहे, हे भान त्यात निश्चित आहे.

आवरण कितीही चांगले असले तरी रुग्णाची धास्ती उरतेच. तिचा विचार मेलझॅक व वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या ‘द्वार-नियंत्रण’ उपपत्तीनंतर शास्त्रीय पायावर होऊ लागला. इजेचे संदेश मेंदूकडे जसेच्या तसे पोहोचत नाहीत. मज्जारज्जूतच त्यांना वाट मोकळी होते किंवा अडविली जाते, आणि मेंदूकडून उतरणारे संदेशही त्यात भाग घेतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. उपपत्तीच्या तपशिलांत पुढे बरेच फेरफार झाले, पण हा गाभा टिकला. भय, अपेक्षा आणि अवधान यांचा वेदनेशी संबंध केवळ लाक्षणिक नाही, हे त्यातून निष्पन्न होते.

या दृष्टीने दोन गोष्टींना विशेष महत्त्व आहे. एक म्हणजे रुग्णाचा ताबा. पट्टी केव्हा सुटणार हे ठाऊक असणे, ‘थांबा’ म्हटल्यावर हात खरोखर थांबणे, कोमट सलाइनने भिजविलेली पट्टी जमल्यास स्वतःच उकलणे, यांनी वेदना सह्य होते. भाजलेल्या मुलांविषयीच्या १९८३ च्या एका अभ्यासात कॅव्हना यांना आढळले की, उपचाराचा क्रम आधी कळविलेली व त्यात भाग दिलेली मुले कमी चिंताग्रस्त व कमी खिन्न होती. याउलट ‘काही नाही, झालंच आता’ हे आपल्याकडील नित्याचे आश्वासन. मुलांना इंजेक्शन देतानाच्या निरीक्षणांत अशी वारंवार दिलेली आश्वासने व मुलाचा वाढता त्रास यांचा संबंध दिसून आला आहे. बहुधा त्या शब्दांनी पुढे काही भयंकर येणार अशीच सूचना मिळत असावी.

दुसरी गोष्ट अवधान अन्यत्र वेधण्याची. सिॲटल येथे हंटर हॉफमन व डेव्हिड पॅटरसन यांनी पट्टी बदलताना रुग्णास संगणकनिर्मित हिमप्रदेशात गुंतविले, आणि त्याने सांगितलेली वेदना कमी झाली. साधन नवे, विचार मात्र सुश्रुताच्या सूत्रस्थानातील एकोणिसाव्या अध्यायात आहे. अनुकूल, गोड बोलणाऱ्या मित्रांनी कथा सांगून जखमीच्या वेदनेवरून त्याचे मन वळवावे, असे तेथे सांगितले आहे. नुसते ऐकण्यापेक्षा ज्यात उत्तर द्यावे लागते असा व्यापार अधिक उपयोगी पडतो. म्हणून मुलास गोष्ट सांगण्यापेक्षा तिचा पुढचा भाग त्यालाच रचावयास लावावे.

येथे एक धोका नमूद केला पाहिजे. विस्तृत दाहात किंवा मृत ऊती खरवडून काढताना वेदनाशामक औषधांना पर्याय नाही. औषधेतर उपायांची कीर्ती सांगून औषधात काटकसर करणे हा रुग्णावर अन्याय होय; विशेषतः मुलांच्या बाबतीत, ज्यांचे रडणे ‘हट्ट’ म्हणून सहज बाजूस सारले जाते.

वेदनेचे मापनही उपचाराचाच भाग आहे. शून्यापासून दहापर्यंतचा आकडा विचारण्याची रीत रूढ आहे, परंतु मेलझॅक यांनीच १९७५ मध्ये सिद्ध केलेली मॅगिल प्रश्नावली वेदनेच्या शब्दांवर उभी आहे, आणि सुश्रुतानेही व्रणवेदनांचे प्रकार नावानिशी मोजले आहेत. मराठीत ही संपत्ती विपुल आहे. ‘किती दुखते?’ याऐवजी ‘कसे दुखते?’ असे विचारले, तर पट्टी सोडतानाच उत्तर कामास येते. ‘ओढ बसते’ म्हणणाऱ्याची पट्टी चिकटलेली आहे; ती आणखी भिजवावी. ‘झोंबते’ म्हणणाऱ्यास धुण्याचे द्रावण बदलून पाहावे. ‘ठणकते’ म्हणणाऱ्याची पट्टी आवळली आहे का, हे आधी पाहावे. आणि सैल केल्यावरही ठणका राहिला, तर आत पू धरला आहे का याची तपासणी त्याच बैठकीत करावी.