महामार्ग माणगावकडेही वळतो!

पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ उचगावला लागून जातो. याच परिसरातून पर्यटकांच्या गाड्या शहराकडे वळतात. अंबाबाईचे मंदिर, रंकाळा, नवा राजवाडा, तांबडा-पांढरा रस्सा, दसऱ्याला शाही सीमोल्लंघन. झाले कोल्हापूर पाहून! आमचा सवाल एवढाच, यात शाहू-आंबेडकरांचे कोल्हापूर कुठे आहे?

दसरा चौकात ज्या राजाचा पुतळा उभा आहे, त्याने २६ जुलै १९०२ रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी ५० टक्के जागा राखल्या. बिंदू चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे अर्धपुतळे ९ डिसेंबर १९५० रोजी, म्हणजे बाबासाहेब हयात असतानाच बसले. याच शहरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, असे लोक म्हणत. शाहू महाराज स्वतः तिथे जाऊन चहा पीत.

उचगावहून पूर्वेला हातकणंगले तालुक्यात माणगाव आहे. २१ व २२ मार्च १९२० रोजी तिथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते बाबासाहेब. हाच तुमचा पुढारी, हे महाराजांनी तिथेच जाहीर केले.

गावोगावच्या भीमसैनिकांनो, १४ एप्रिल आणि २६ जूनच्या मिरवणुका जरूर काढा. पण डीजेपुढे नाचून इतिहास कळत नाही. येत्या २१ मार्चला पोराबाळांना घेऊन बिंदू चौक ते दसरा चौक पायी चाला, मग गाड्या काढा आणि माणगाव गाठा. आपला इतिहास आपणच दाखवला नाही, तर दुसरा कोण दाखवणार?