शेठचा फोन

सकाळचे सात वाजून गेलेत. नोव्हेंबर २०२५. पाचूबंदरच्या किनाऱ्यावर पाणी पार खाली गेलंय आणि लहान होड्या चिखलात एका कुशीवर कलंडल्या आहेत. वसई किल्ल्याच्या तटामागून ऊन वर येतंय, पण वलांड्यांपर्यंत अजून पोचलेलं नाही. बांबूंच्या रांगा, त्यांच्यात ताणलेले दोर आणि दोरांवर बोंबील. परवाचे आखडून पिवळट पडलेत, आजचे अजून ठिबकतायत.

वलांडीवरच्या मावशी टोपलीतून दोन बोंबील उचलतात, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवतात आणि जोडी दोरावर टाकतात. सुतळी नाही, आकडा नाही. बोंबलाचे दात सुईसारखे, आत वळलेले. एकदा गुंतले की वाऱ्यानेही सुटत नाहीत. बोटांना खरचटत कसं नाही, असं मी विचारते. त्या न बोलता तळहात पुढे करतात. बारीक पांढऱ्या चरांनी भरलेला आहे. मीठ लावत नाही का, या माझ्या प्रश्नाला मात्र त्या हसतात.

"मीठ कशाला, बाय? वारा हाय ना."

बोंबलाच्या अंगात बहुतेक पाणीच. दोन-तीन दिवस कडक ऊन आणि कोरडा वारा मिळाला की जोडी हाताला काडीसारखी लागते. मग ती मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात जाते, तिथून कुठे जाते ते मावशींनी कधी विचारलेलं नाही. काही माल इंग्लंडपर्यंत जातो. तिकडे याला बॉम्बे डक म्हणतात, करीबरोबर कुरकुरीत तळून खातात.

नव्वदच्या दशकात या बॉम्बे डकवर युरोपियन कमिशनने बंदी घातली होती. बोंबील खाऊन कुणी आजारी पडल्याची नोंद नव्हती, तसा पुरावा नसल्याचं कमिशननेही मान्य केलं. अडचण एवढीच की भारतातून मासळी घ्यायची ती मान्यताप्राप्त फ्रीझिंग किंवा कॅनिंगच्या कारखान्यातूनच, असा नियम होता, आणि बोंबलाचा कारखाना म्हणजे हे बांबू. ब्रिटनमध्ये तेव्हा वर्षाला तेरा टनांच्या आसपासच बोंबील खपत होता, दोन-तीन ट्रकांचा माल. तरी तिथल्या शौकिनांनी 'बॉम्बे डक वाचवा' अशी मोहीम काढली, भारताच्या उच्चायुक्तालयाने कमिशनकडे विषय नेला आणि तोडगा निघाला: सुकवा उघड्यावर, पण पॅकिंग मान्यताप्राप्त केंद्रातच करा. बर्मिंगहॅमच्या एका घाऊक व्यापाऱ्याने मुंबईत तसं पॅकिंग करणारं ठिकाण शोधलं आणि बोंबील पुन्हा तिकडे पोचला.

मी हे सगळं मावशींना सांगते. त्या दोन जोड्या टाकेपर्यंत गप्प राहतात.

"म्हणजे पिशवी भरणाऱ्याला पैसे वाढवून मिळाले."

हो, बहुधा तसंच झालं असणार. स्वच्छतेचा नियम मुळात वाईट नाही; वाळूवर पसरलेला जवळा दाताखाली आला की नियमाची बाजू आपोआप पटते. मावशींचा जवळाही वाळूवर नसतो, मागच्या सिमेंटच्या ओट्यावर जाळं अंथरून वर पसरलेला आहे, आणि कावळे हाकलायला एक नात बसवलेली आहे. पण नीट सुकवलेल्या मालाला चार पैसे जास्त असा हिशेब या किनाऱ्यावर कुणी करत नाही. नियम मोडला तर माल परत येतो. पाळला तर काहीच होत नाही.

खाली गलका होतो. बाहेर नांगरलेल्या मोठ्या बोटीतून माल घेऊन एक होडी कडेला लागली आहे. खलाशी गुडघाभर चिखलातून टोपल्या डोक्यावर घेऊन येतायत. डहाणू-तलासरीकडची आदिवासी पोरं, हंगामासाठी कोळ्यांकडे राहिलेली. डोल जाळ्याचा माल हा असा सगळा एकत्रच येतो: बोंबील, मांदेली, करंदी, मध्येच एखादी वाकटी पट्ट्यासारखी चमकते. बायका भराभर निवडायला बसतात. पापलेट वेगळं. मोठी कोळंबी वेगळी, आणि तिच्याभोवती लगेच एक टोळकं जमतं.

कोळंबी उचलणाऱ्या शेठचा एजंट बर्फाचे क्रेट लावलेला टेम्पो घेऊन आलाय. पोरगा पंचविशीचा असेल. खालून वर कोळंबी चाळतो, मूठभर उचलून काउंट बघतो (किलोला किती बसतात तो), आणि मान हलवतो.

"शेठने भाव खाली केलाय, नाखवा. अमेरिकेत माल जात नाय."

बोटीचे मालक नाखवा टोपलीवरून नजर उचलत नाहीत. "आमची कोळंबी अमेरिकेला कधी जात होती? मागे तूच सांगितलंस ना, कासवामुळे घेत नाय म्हणून. तेव्हापण भाव पाडलास."

टोळकं हसतं. एजंटही हसतो, पण भाव वाढवत नाही.

दोघंही खरं बोलतायत. कासवाची गोष्ट जुनी आहे. ट्रॉलच्या जाळ्यात समुद्री कासवं अडकून मरतात, म्हणून ज्या देशाच्या जाळ्यात कासवाला बाहेर पडायला झडप नाही त्याची कोळंबी घ्यायची नाही, असा कायदा अमेरिकेने १९८९ साली केला. भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेत गेले. भारत आणि पाकिस्तान एका बाकावर बसलेले असे प्रसंग विरळाच. १९९८ च्या ऑक्टोबरात अपिलाचा निकाल आला: हेतू योग्य, अंमलबजावणीत मात्र पक्षपात. हे चार देश तेव्हा जिंकले म्हणायचे. पण अमेरिकेने अंमलबजावणी सुधारली, कायदा तसाच राहिला, आणि यांत्रिक जाळ्यांनी समुद्रात धरलेली भारतीय कोळंबी गेली सहा-सात वर्षं तिकडे बंद आहे. झडपेची जाळी कोचीच्या मत्स्यतंत्रज्ञान संस्थेने केव्हाच तयार केली आहे. समोरच्या बोटीवर ती नाही, आणि डोल हे ओढायचं जाळं नाहीच. ते भरती-ओहोटीच्या तोंडाशी पिशवीसारखं उभं असतं. पण हा फरक टेम्पोपर्यंत पोचत नाही.

आता दुसरी गोष्ट. भारताने २०२४-२५ मध्ये ६२ हजार कोटींहून जास्त रुपयांची मासळी परदेशी पाठवली. त्यात सगळ्यात मोठा वाटा गोठवलेल्या कोळंबीचा, आणि तिचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. ही कोळंबी पाचूबंदरची नाही, मुख्यतः आंध्रातल्या तळ्यांतली वनामी जातीची. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेचा भारतीय मालावरचा जादा कर पन्नास टक्के झाला. कोळंबीवर आधीपासूनचे अँटी-डम्पिंग आणि काउंटरवेलिंग हे कर धरले तर बोजा तेव्हा अठ्ठावन्नच्या घरात गेला. अडकलेला माल कुठेतरी उतरणारच. तळोज्याच्या मासळीच्या फॅक्टऱ्या भरल्यात, आंध्राचा माल मुंबईत स्वस्त मिळतोय, असं एजंट सांगतो. ते कितपत खरं आणि कितपत घासाघीस, हे तोलायला नाखवांकडे काही साधन नाही. तिथेच एजंटाची बाजू भारी पडते. अमेरिकेने कर लावला हे पेपरात येतं. त्यापायी इथे किलोमागे किती उतरायला हवं, हे कुठेच छापून येत नाही. ते शेठ ठरवतो.

"मग अमेरिकेने कर काढला की भाव चढेल का?" मी एजंटाला विचारते.

"ते शेठला माहीत, ताई."

जाता जाता तो नाखवांकडून बोटीच्या लायसनचा कागद मागून मोबाईलवर फोटो काढतो. हा युरोपसाठी. जानेवारी २०१० पासून समुद्रातली मासळी युरोपात पाठवायची तर कॅच सर्टिफिकेट लागतं: कुठली बोट, कुठलं पाणी, कधी धरली. चोरटी मासेमारी थांबावी म्हणून काढलेला नियम आहे आणि माझ्या मते चांगला आहे. इथल्याच कोळ्यांची पर्ससीन बोटींविरुद्ध हीच तक्रार असते, की कोण कुठून किती ओढतो याचा पत्ता नाही. फक्त नाखवांनी ते सर्टिफिकेट आजवर पाहिलेलं नाही. त्यांच्या बोटीचा कागद रॉटरडॅमपर्यंत गेला असेल, त्यांना त्याची पावतीही मिळालेली नाही.

परदेशातून येणारं सगळंच भाव खाली ढकलतं असंही नाही. बर्फ फोडणारा पोरगा मला मुरब्याची गोष्ट सांगायला लागतो, आणि सगळे ती पुन्हा ऐकायला तयार असतात. २०२१ चा ऑगस्ट, पालघरजवळच्या मुरबे गावची बोट, पहिल्याच फेरीत दीडशेच्या वर घोळ, आणि लिलावात सव्वा कोटीच्या वर रक्कम. घोळीच्या पोटातल्या भोताला (हवेच्या पिशवीला) हाँगकाँग-सिंगापूरकडे वेड्यासारखी मागणी, म्हणून. प्रत्येक सांगणाऱ्याच्या तोंडी आकडा थोडा वाढतो. "आमच्या जाळ्यात घोळ येते ती ढोमीएवढी," नाखवा म्हणतात.

बोटीच्या केबिनवर फाटका स्टिकर आहे: 'एकच जिद्द, वाढवण बंदर रद्द'. सत्तर-ऐंशी किलोमीटर उत्तरेला, डहाणूजवळ, ७६ हजार कोटींचं बंदर व्हायचं आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. देशाची निर्यात वाढवायला. निर्यातीतली मासळी ज्या समुद्रातून येते त्यातलाच तुकडा भरावाखाली जाणार, आणि या व्यवहारात निर्यातदार नेमका कोण, हा प्रश्न मला टेम्पोवाल्याला विचारावासा वाटतो. पण तो फोनवर आहे.

फोन संपतो. "शेठ बोलला, आजचा माल जुन्या भावाच्या खालीच. पुढचं सोमवारी सांगतो."

नाखवा मोठी कोळंबी देतात. बर्फाविना ती दुपार काढणार नाही आणि डिझेलची उधारी आहे. करंदीच्या दोन टोपल्यांवर मात्र मावशींनी आधीच हात ठेवलेला आहे. एजंट क्रेट पुढे सरकवतो.

"ही पण टाका ना, मावशी. सोड्यांसाठी चालेल."

"ही नाय. ही होळीबाजारात जाते."

"तिकडे तरी काय भाव मिळणार?"

"तिकडे भाव मी सांगते," मावशी म्हणतात, आणि रिक्षावाल्याला हाक मारतात. तो मीटरच्या वर वीस मागतो. त्या दहावर अडून बसतात. टोपल्यांचं पाणी एव्हाना सीटवर गळायला लागलंय.