एकाच तेलाची दोन उलटी कामे

नांदेडच्या किंवा लातूरच्या कोणत्याही गॅरेजसमोर घटकाभर उभे राहा. ‘ऑइल कोणते टाकू?’ हा प्रश्न कानावर पडेलच. कुणी म्हणतो, ‘मोटारगाडीचे भारी ऑइल टाका, मोटारसायकलला काय होतंय!’ कुणी म्हणतो, ‘आपल्याकडे ऊन फार, जाडच पाहिजे.’ हे सल्ले कितपत खरे, हे ठरवण्यासाठी एंजिनाच्या आत डोकवावे लागेल.

लहान मोटारसायकलचे एंजिन जोरात पळताना मिनिटाला ८००० फेरे घेऊ शकते, म्हणजे सेकंदाला सुमारे १३३. तेवढ्या वेळात त्यातला दट्ट्या, म्हणजे पिस्टन, १३३ वेळा वर जातो आणि तितक्याच वेळा खाली येतो. दट्ट्या आणि सिलिंडर यांच्यामध्ये तेलाचा पातळ पापुद्रा नसेल, तर धातू धातूवर घासून एंजिन लवकरच जाम होईल. घर्षण कमी करणे हे तेलाचे पहिले काम.

आता गंमत पाहा. बहुतेक चार-स्ट्रोक मोटारसायकलींत त्याच तेलात गिअरची दंतचक्रे फिरतात आणि क्लचही बुडालेला असतो. या साऱ्यांना मिळून जेमतेम लिटरभर तेल! पूर्वी असे नव्हते. जुन्या बुलेटमध्ये एंजिन, क्लच आणि गिअर यांचे तेल वेगवेगळे असे. टू-स्ट्रोक स्कूटरमध्ये एंजिनाचे तेल पेट्रोलमध्ये मिसळून जळून जाई. गिअर आणि क्लच यांना निराळे तेल लागे. १९८५ मध्ये आपल्या मराठवाड्यात वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, तेव्हा रस्त्यावर टू-स्ट्रोकचेच राज्य होते. त्याच वर्षी हीरो होंडाची चार-स्ट्रोक सीडी १०० बाजारात आली. पुढे चार-स्ट्रोक गाड्या गावोगाव पोचल्या आणि एका तेलाने सगळे भागवायची पाळी आली.

क्लच म्हणजे चकत्यांची एक चळत. एक चकती पोलादी, पुढची खरबरीत अस्तराची, पुन्हा पोलादी, अशी. स्प्रिंगा त्यांना एकमेकींवर दाबून धरतात आणि चकत्यांमधल्या घर्षणामुळे एंजिनाची ताकद चाकाकडे जाते. म्हणजे दट्ट्याजवळ घर्षण नको आणि क्लचमध्ये ते हवेच! ज्या तेलाने घसरवायचे, त्याच तेलात बुडून क्लचने घट्ट पकड धरायची.

हे साधते कसे? चकत्या दाबल्या गेल्या की मधले बरेचसे तेल बाहेर फेकले जाते आणि पृष्ठभागावर अगदी पातळ थर उरतो. पकड किती राहणार हे त्या थरात कोणते रेणू आहेत यावर ठरते. इंधन वाचावे म्हणून मोटारगाड्यांच्या काही तेलांत खास रेणू मिसळतात. त्यांचे एक टोक धातूला चिकटते आणि लांब शेपटी बाहेर राहते. पृष्ठभागावर जणू मखमलीची लव उगवते. मोटारगाडीचा नेहमीचा क्लच कोरडा असतो, त्याला या लवेशी कर्तव्य नाही. आपल्या क्लचचे मात्र तिच्यामुळे बिघडते. समजा, घर्षणगुणांक ०.१४ वरून ०.१० वर आला. स्प्रिंगांचा दाब तोच असल्याने क्लचची ताकद पेलण्याची क्षमताही त्याच प्रमाणात, म्हणजे जवळजवळ तीस टक्क्यांनी घटते.

नांदेड गोदावरीकाठी, लातूर बालाघाटच्या पठारावर. डबलसीट आणि वर सामान घेऊन लोहा, अहमदपूरमार्गे लातूरकडे निघालात की एखाद्या चढावर हे कळते: मूठ पिळली की एंजिन नुसते ओरडते, गाडी पुढे सरकत नाही. चकत्या घासून तापतात, अस्तर जळते आणि स्वस्तात पडलेल्या ऑइलपायी क्लच प्लेटांचा खर्च गळ्यात येतो. (दर वेळी दोष तेलाचाच असतो असे नाही. क्लचची तार फार ताणलेली असली किंवा प्लेटा झिजल्या असल्या, तरी क्लच घसरतो. आधी तार तपासा.)

हा घोटाळा टाळण्यासाठी जपानच्या वाहन-मानक संस्थेने १९९८ मध्ये ‘जासो’ नावाने ओळखली जाणारी प्रतवारी आणली. डब्याच्या मागे बारीक चौकटीत ती छापलेली असते. ‘एम.ए.’ म्हणजे ओल्या क्लचला पुरेसे घर्षण देणारे तेल; ‘एम.ए. २’ त्याच गटातले जास्त पकडीचे. ‘एम.बी.’ मध्ये घर्षण कमी. गिअर नसलेल्या ऑटोमॅटिक स्कूटरचा क्लच तेलाबाहेर असतो, म्हणून तिला ते चालते. मोटारसायकलला नाही.

आता जाड-पातळाचा वाद. डब्यावर १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५० असे लिहिलेले असते. ४० म्हणजे ४० अंश उन्हाला चालणारे, असे समजणारे पुष्कळ भेटतात. ते चूक. हे आकडे अंश नव्हेत, श्यानतेचे वर्ग आहेत. डब्ल्यू म्हणजे हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतला दाटपणा सांगतो, नंतरचा तेल १०० अंश सेल्सिअसला असतानाचा. २०डब्ल्यूची थंडीतली परीक्षा शून्याखाली १५ अंशांवर घेतात; एवढी थंडी नांदेड-लातूरला कुठून येणार? राहिला उन्हाळा. मे महिन्यातल्या ४२ अंशांनी हवेवर थंड होणारे एंजिन जास्त तापते हे खरे, पण कंपनीने पुस्तिकेत तेल सुचवताना आपल्या देशाचे ऊन धरलेले असते. कुणाच्या पुस्तिकेत १०डब्ल्यू-३० असेल, कुणाच्या २०डब्ल्यू-५०. शेजाऱ्याच्या गाडीत काय घातले ते विचारू नका, आपली पुस्तिका उघडा. अरुंद तेलमार्गांसाठी आखलेल्या एंजिनात उगाच दाट तेल घातले, तर सकाळी गाडी सुरू करताना ते वरपर्यंत उशिरा पोचते, आणि पेट्रोलही जास्त लागते.

आमच्या भागात करडईचे तेल मुबलक, मग तेच का नको? कारण करडईचे तेल उष्णतेत हवेतला ऑक्सिजन घेऊन चिकट होत जाते. रंग बनवणाऱ्यांना हा गुण सोयीचा, एंजिनाला घातक. एरंडेल मात्र पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या एंजिनांत खरोखरच वापरत, आणि कॅस्ट्रॉल या नावाचे मूळही एरंडेलाच्या इंग्रजी नावातच आहे.

शाळेत एक प्रयोग करून पाहा. दोन सारख्या परीक्षानळ्यांत सारखे एंजिन ऑइल घ्या. एक नळी माठातल्या पाण्यात आणि दुसरी गरम पाण्यात दहा मिनिटे उभी ठेवा. मग प्रत्येकीत सायकलच्या बेअरिंगमधला एकेक छर्रा सोडा आणि तळाला पोचेपर्यंतचे सेकंद मोजा. ऑइलचा वर्ग बदलून पुन्हा मोजा आणि आलेख काढा.