हायड्रोजन बसला थंडी का बाधते?

विदर्भातली थंडी बोचरी असली, तरी अनसिंगमध्ये माठातले पाणी गोठत नाही. लेहमध्ये हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंतही उतरतो. त्या गावात एनटीपीसीने हायड्रोजनवर चालणाऱ्या पाच बस आणल्या आहेत. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंच, हवाही विरळ. तिथे या बसची खरी परीक्षा होते.

या बसमध्ये हायड्रोजन जाळला जात नाही. फ्युएल सेलमध्ये एका पातळ पडद्याच्या एका बाजूला हायड्रोजन असतो, दुसऱ्या बाजूला हवेतला प्राणवायू. हायड्रोजनचे प्रोटॉन पडद्यातून पलीकडे जातात, इलेक्ट्रॉनना मात्र तारेतून वळसा घालावा लागतो. हा वळसा म्हणजेच वीज. शेवटी दोघे प्राणवायूला भेटून पाणी तयार होते. एक किलो हायड्रोजनमागे सुमारे नऊ लिटर!

अडचण याच पाण्याची. पडदा ओलसर राहिला तरच प्रोटॉन पलीकडे जातात, म्हणून पाणी पूर्ण काढून टाकता येत नाही. ते राहिले आणि गाडी रात्रभर गारठ्यात उभी राहिली, तर त्याचा बर्फ होतो. गोठताना पाणी सुमारे नऊ टक्के फुगते. हिमदंशात बर्फाचे स्फटिक बोटांच्या पेशींना इजा करतात, तसेच इथे सूक्ष्म छिद्रांचे होते. प्राणवायूची वाट बुजते, वारंवार गोठण्या-वितळण्याने थर सुटू लागतात.

उपाय दोन टप्प्यांत होतो. गाडी बंद करताना कोरडी हवा सोडून जादा पाणी बाहेर काढले जाते, पडद्यापुरता ओलावा ठेवला जातो. सुरू करताना सेल मुद्दाम कमी कार्यक्षमतेने चालवतात. वाया जाणारी ऊर्जा उष्णता बनून सेलला आतून ऊब देते. थंडीत आपले अंग कापते, त्यामागेही हेच तत्त्व. नवे पाणी गोठून छिद्रे बुजण्याआधी सेलचे तापमान शून्यावर न्यायचे, अशी ही शर्यत असते. तोवर मदतीला बॅटरी आणि हीटर असतात.

महाराष्ट्राचाही या कामात वाटा आहे. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी या कंपनीने विकसित केलेली फ्युएल सेल बस 21 ऑगस्ट 2022 रोजी पुण्यात सादर झाली.

वाशीम जिल्ह्यासाठी मात्र प्रश्न उलटा आहे. साठ ते ऐंशी अंशांवर चालणाऱ्या सेलची उष्णता मे महिन्याच्या रखरखत्या हवेत सोडणे कठीण. त्यासाठी मोठा रेडिएटर लागतो, पडदा सुकण्याची भीतीही असते.

तरीही हा खटाटोप आरोग्यासाठी मोलाचा आहे. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 मध्ये कर्करोगकारक ठरवले. दमेकऱ्याला तर हा धूर लगेच बाधतो. फ्युएल सेल बसच्या नळीतून वाफ आणि पाणीच बाहेर पडते. मात्र तिचा हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनवला, तर कार्बन डायऑक्साइड कारखान्यात बाहेर पडणारच. म्हणून बस कशावर चालते, यासोबत तिचे इंधन कशापासून बनले, हेही विचारायला हवे.