मोटारघराचें तेलपाणी : मालकानें स्वतः करावयाचें काम

कऱ्हाडाहून चिपळुणास जातांना कोयनानगर मागें पडलें कीं कुंभार्ली घाटाची उतरण लागते. तीन वर्षांपूर्वीं मी, माझी पत्नी व आमचा नऊ वर्षांचा नातू असे तिघे आमच्या मोटारघरांतून ती उतरण उतरत होतों. वळण संपल्यावर हात सैल सोडला म्हणजे स्टिअरिंगचें चाक आपोआप सरळ होतें, हा चालविणाराचा नित्याचा अनुभव. त्या दिवशीं मात्र तें वळलें तसेंच राहिलें. दोन्ही हातांनीं बळ करून मीं तें फिरविलें, तेव्हां गाडी कठड्यापासून हातभर अंतरावर सरळ झाली. पुढें जागा पाहून मीं ती उभी केली. "आजोबा, कां थांबलों?" असें नातवानें विचारलें. मला लगेच उत्तर देतां आलें नाहीं. माझे हात कांपत होते.

सावकाश घाट उतरून आम्ही चिपळुणास पोहोंचलों. तेथें एका वृद्ध मिस्त्रींनीं गाडीखालीं पाहिलें आणि मला हांक मारली, "मास्तर, जरा खालीं वाकून बघा." पुढच्या आंसाच्या दोन्ही टोकांस एक एक उभी खीळ असते व तिच्याभोंवतीं चाक डावीं-उजवीं वळतें. तिला किंगपिन म्हणतात. तिला ग्रीस देण्यासाठीं बसविलेले निपल वाळलेल्या चिखलाच्या पोपड्याखालीं गाडले गेले होते. पोपडा काढला तों आंत रंगाचा थर! त्या तोंडांतून कित्येक वर्षें ग्रीसचा कणही आंत गेलेला नव्हता. आणि माझ्या खिशांत तर "ऑइल बदललें, ग्रीसिंग केलें" अशी पैसे चुकते केल्याची पावती होती.

ती पावती देणाऱ्या गॅरेजचें नांव मी घेणार नाहीं. दोष माझाही होता. पस्तीस वर्षें मुलांची वही तपासल्याखेरीज तिच्यावर सही न करणारा मी, ही एक वही न उघडतांच सही करून मोकळा झालों होतों. तेव्हांपासून हें काम मी स्वतः करतों. तें कसें करावें व कां करावें, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

मोटारघर म्हणजे लहान बसगाडीच्या सांगाड्यावर बांधलेलें बिऱ्हाड : दोन बिछाने, ओटा, पाण्याची टाकी, गॅसची शेगडी. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं अशा प्रवासासाठीं कॅरॅव्हान पर्यटनाचें धोरणही जाहीर केलें. घर वर असलें तरी खालीं असते ती मोटारच, आणि तिला दोन प्रकारचें वंगण लागतें : इंजिनाला पातळ तेल व सांगाड्याच्या सांध्यांना घट्ट ग्रीस. एकच पदार्थ दोन्हीकडे कां चालत नाहीं, हें प्रथम समजून घेऊं.

१८८३ सालीं बोशँप टॉवर नांवाच्या इंग्रज इंजिनिअरानें रेल्वेच्या आंसाच्या बेअरिंगवर प्रयोग केले. तेल घालण्यासाठीं त्यानें बेअरिंगच्या माथ्यावर भोंक पाडलें. आंस फिरूं लागतांच त्या भोंकांतून तेल उलट वर येऊं लागलें. त्यानें लांकडी बूच ठोकलें, तर तें बूचही तेलानें बाहेर ढकललें. फिरणारा आंस स्वतःच तेल ओढून आपल्या व बेअरिंगच्या मध्यें दाबानें भरतो आणि त्या तेलाच्या पातळ थरावर तरंगतो, असा त्याचा अर्थ होता. १८८६ सालीं ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यानें त्याचें गणित मांडलें. आपल्या इंजिनांतील क्रँकशाफ्टही असाच तेलावर तरंगतो.

आतां किंगपिनकडे पाहा. ती गरगर फिरत नाहीं. वळणावर थोडी इकडे, थोडी तिकडे होते. पाट्यांच्या शॅकलची खीळ तर केवळ झोके घेते. अशा सांध्यांत तेल ओढून घेण्याइतकी गति कधींच येत नाहीं. म्हणून तेथें जागच्या जागीं टिकणारें वंगण लागतें. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळ्यांत धरून ठेवलेलें तेल. स्पंजांतून पाणी पाझरावें तसें तें थोडें थोडें पाझरतें, आणि तेथें धूळ व पाणी शिरूं देत नाहीं.

मोटारघराची आणखी एक अडचण आहे. मालाची गाडी कधीं भरलेली, कधीं रिकामी असते. मोटारघर मात्र सदैव संसार भरलेलें. त्यांतून तें महिने महिने एकाच जागीं उभें राहतें. सांध्यांतील ग्रीस भारानें चेपून बाजूला सरतें आणि गाडी न हलल्यामुळें पुन्हां पसरत नाहीं. इंजिनांत जळणाचे अंश, काजळी व हवेंतील ओलावा तेलांत मिसळून त्याला आम्लता येते, व तें तेल बेअरिंगना लागून तसेंच बसून राहतें. यास्तव "गाडी फारशी चालली नाहीं, मग तेल कशाला बदलावयाचें?" हा विचार येथें उलटा ठरतो. गाडीच्या पुस्तकांत किलोमीटर व महिने असे दोन्ही आंकडे दिलेले असतात. जो आधीं भरेल तो खरा मानावा. आमची गाडी पावसाळाभर उभी असते, म्हणून मी मे महिन्याच्या अखेरीस तेल बदलतों. चार महिने इंजिनांत राहावयाचें तें स्वच्छ तेल राहावें.

कामाला हात घालण्यापूर्वीं सुरक्षिततेचे नियम. जमीन सपाट व टणक असावी. हँडब्रेक ओढावा, चाकांना लांकडी ठोकळे लावावे, गॅस सिलिंडरचा नळ बंद करावा. काम चालूं असतां घरांत कोणी चढूं नये. किल्ली आपल्या खिशांत ठेवावी. आणि सर्वांत मोठा नियम असा कीं, केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखालीं शरीराचा कोणताही भाग घालूं नये. जॅक उचलण्यासाठीं आहे. तोलून धरण्यासाठीं गाडीचें वजन पेलणारी लोखंडी घोडी हवी. विटांची चवड कधींही लावूं नये. वीट एकाएकीं फुटते.

आतां इंजिनाचें तेल. इंजिन दहा मिनिटें चालवून बंद करावें व पाव तास थांबावें. कोमट तेल पातळ असतें व तळाचा गाळ घेऊन बाहेर येतें; उकळतें तेल मात्र हात भाजतें. तेल भरावयाचें झांकण आधीं उघडावें, चेंबरखालीं पसरट भांडें ठेवावें आणि नेमक्या मापाच्या रिंग-पान्यानें ड्रेन बोल्ट सोडवावा. तेल थेंब थेंब होईपर्यंत निथळूं द्यावें. नंतर बोल्टास नवा वायसर घालावा. बोल्ट बेतानें आवळावा. फार जोर केल्यास चेंबरचे आटे जातात, आणि त्याची दुरुस्ती तेलाहून कितीतरी महाग पडते.

फिल्टर काढल्यावर इंजिनाच्या बाजूस बोट फिरवून पाहावें. जुन्या फिल्टरचें रबरी कडें पुष्कळदां तेथेंच चिकटून राहतें. त्यावर नवा फिल्टर बसविला तर दोन कड्यांमधून तेल दाबानें बाहेर उडतें व थोडक्याच वेळांत इंजिन कोरडें पडूं शकतें. नव्या कड्याला तेलाचें बोट लावावें, कडें टेंकेपर्यंत फिल्टर हातानें फिरवावा आणि मग त्यावर लिहिलें असेल तितकाच आणखी आवळावा. बहुधा तें पाऊण फेऱ्याच्या आसपास असतें.

तेल कोणतें घ्यावें? डब्यावर "पंधरा-डब्ल्यू-चाळीस" असें लिहिलेलें असतें. डब्ल्यू म्हणजे इंग्रजींतील हिवाळा. त्याच्या आधींचा आंकडा थंडींत तेल कितपत वाहतें तें सांगतो. नंतरचा आंकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती राहतो तें सांगतो. गाडीच्या पुस्तकांत जो आंकडा व जी प्रत सांगितली असेल तीच घ्यावी. दुकानदाराच्या शिफारशीवर जाऊं नये. भरतांना सांगितलेल्या मापापेक्षां थोडें कमी भरावें, इंजिन मिनिटभर चालवावें, गळती पाहावी, दहा मिनिटें थांबावें व पट्टी पाहून उरलेलें घालावें. वरच्या खुणेपलीकडे तेल गेलें तर क्रँकशाफ्ट त्याला घुसळून फेंस करतो, आणि फेंसावर कांहींही तरंगत नाहीं. डिझेल इंजिनाचें नवें तेल थोड्याच दिवसांत काळें झालें म्हणून घाबरूं नये. काजळी आपल्यांत धरून ठेवणें हें त्याचें कामच आहे.

गिअरबॉक्सचें तेल बदलावयाचें असेल तर एक गोष्ट गांठीस बांधावी : आधीं भरण्याचा बोल्ट सोडवून पाहावा, मगच खालचा काढावा. खालून सगळें तेल गेलें आणि वरचा बोल्ट गंजून बसला असेल, तर गाडी जागची हलवितां येत नाहीं.

आतां सांगाडा. पुस्तकांतील आकृतीवरून सर्व निपल मोजून त्यांची यादी करावी. आमच्या गाडींत ते बावीस निघाले. मला ठाऊक होते आठ. प्रत्येक निपल आधीं फडक्यानें स्वच्छ पुसावा. नाहींतर ग्रीस-गनच्या दाबानें तोंडावरची माती सांध्यांत ढकलली जाते, आणि मातीमिश्रित ग्रीस म्हणजे पॉलिश-कागदच. किंगपिनला ग्रीस देतांना पुढचा आंस उचलून घोडीवर ठेवावा. भार उतरला म्हणजेच दाबल्या गेलेल्या बाजूस ग्रीस शिरतें. चाकें डावीं-उजवीं वळवून पुन्हां द्यावें, व जुनें काळें ग्रीस बाहेर पडून नवें दिसूं लागलें कीं थांबावें. प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसला चार टोंकें असतात. चारहि टोंकांतून ग्रीस डोकावलें पाहिजे. तीनच टोंकांतून आलें तर चौथें उपाशी आहे. जेथें रबरी पिशवी आहे तेथें ती किंचित् फुगेल इतकेंच द्यावें. रबरी बुशांना ग्रीस लावूं नये, आणि ब्रेकच्या ड्रमजवळ तर त्याचा डागही जाऊं देऊं नये. एका जातीच्या साबणाचें ग्रीस दुसऱ्या जातीच्या ग्रीसांत मिसळलें तर कधीं कधीं दोन्ही पातळ होऊन वाहून जातात. म्हणून एकच जात धरून ठेवावी.

निपल ग्रीस घेईनासा झाला तर तो बदलावा. मिळतो अल्प किंमतींत. नव्यानेंही मार्ग मोकळा झाला नाहीं, किंवा चाक हलवून पाहतां सांध्यांत खडखड लागली, तर मात्र आपलें काम संपलें. झिजलेला सांधा ग्रीसनें भरून येत नाहीं. तेथें निष्णात मिस्त्रीच हवा, व ब्रेकचें कामही त्याच्याच हातचें असावें. माझ्या किंगपिन चिपळुणास बदलाव्या लागल्या. ग्रीस वेळेवर मिळालें असतें तर तो खर्च बहुधा वांचला असता.

शेवटीं निघालेल्या तेलाविषयीं. आमच्या लहानपणीं तें कुंपणाच्या खांबांना फांसत, वाटेवर ओतीत. तसें करूं नये. त्यांत धातूंचे कण व विषारी द्रव्यें असतात, आणि आपली विहीर वाटेपासून लांब नसते. घातक कचऱ्यासंबंधींच्या केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांत वापरलेलें तेलही येतें. झांकणाच्या डब्यांत साठवून, अधिकृत संग्राहकाला तेल देणाऱ्या गॅरेजांत तें पोहोंचतें करावें. शुद्ध करून त्यापासून पुन्हां वंगण बनवितां येतें.

कोणी म्हणेल, एवढ्या खटाटोपानें पैसे किती वांचले? वांचतात थोडेफार, पण मी तें पैशांसाठीं करीत नाहीं. गाडीखालीं पाठीवर पडल्यावर फाटलेली रबरी नळी, सैल नट, तडकलेला पाटा डोळ्यांना दिसतो. पावतीवर तें कधींच दिसत नाहीं. ज्या घरांत आपलीं माणसें झोंपतात त्या घराचा पाया वर्षांतून एकदां तरी आपण स्वतः पाहावा.

आतां आमचा नातू बारा वर्षांचा झाला आहे. त्याला मी गाडीखालीं येऊं देत नाहीं. तो वही घेऊन बाहेर बसतो. मी आंतून निपलचा क्रमांक सांगतों, तो त्यापुढें खूण करतो. गेल्या खेपेस तो म्हणाला, "आजोबा, एकवीसच झाले." त्याचें बरोबर होतें. मी पुन्हां खालीं गेलों आणि राहिलेला बाविसावा शोधून काढला.